सशाच्या मागावर

गेल्या हिवाळ्यात माझ्या अकरा वर्षांच्या नातवाने मला एक प्रश्न विचारला. घरात कोणीतरी माझ्या लहानपणाची जुनी हकीकत काढली होती, ती त्याच्या कानावर गेली असावी. रात्री जेवणे झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही खरंच ससा मारला होता?" त्याच्या आवाजात कुतूहल होते, आणि किंचित आरोपही होता. मी "होय" म्हणालो. पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. आज आपल्याशी बोलायला बसलो आहे तो ते अर्धवट राहिलेले उत्तर पुरे करण्यासाठी.

माझे बालपण नवापूरला गेले. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. आज त्याच्या स्टेशनाचा काही भाग गुजरातेत आणि काही भाग महाराष्ट्रात आहे, आणि लोक ती गंमत पाहायला मुद्दाम उतरतात. मी म्हणतो ते १९५९ साल. तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्य होते. सुरतही त्यात आणि नवापूरही त्यात. माझे वडील रेल्वेत नोकरीला होते. आमच्या घरामागे ज्यांचे शेत होते ते मावची समाजाचे एक गृहस्थ होते. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. भात निघाले, शेते मोकळी झाली, की मामा पारधीला निघत, आणि त्या वर्षी त्यांनी आम्हा दोघा मुलांनाही बरोबर घ्यायचे कबूल केले.

कबूल केले खरे, पण लगेच नेले मात्र नाही. आधी अंबाडीच्या वाखाची जुडी समोर टाकली आणि मांडीवर सुतळी वळायला बसवले. पहिल्या दिवशी माझी मांडी सोलून निघाली आणि सुतळी कुठे जाड, कुठे बारीक अशी झाली. मामांनी ती दोन्ही हातांनी ताणली. बारीक जागी ती तटकन तुटली. ते काही बोलले नाहीत. तुटलेली टोके माझ्या हातात दिली आणि आपल्या कामाला गेले. तिसऱ्या दिवशी माझी सुतळी तुटली नाही. त्या सुतळीने मामांनी आपल्या जुन्या वाघरीची, म्हणजे सशाच्या जाळ्याची, फाटलेली घरे विणली. कोणती घरे माझ्या सुतळीची आहेत हे मला अंधारातही सांगता आले असते.

पुढचे चार-पाच दिवस नुसते हिंडण्यात गेले. जाळे घरीच. मामा पुढे, आम्ही मागे. वारा तोंडावर घेऊन चालायचे, बोलायचे नाही, वाळलेल्या पानावर पाय द्यायचा नाही. सशाने कुरतडलेले गवताचे काडे आणि गुराने ओढून खाल्लेले गवत यांतला फरक त्यांनी दाखवला. सशाचा दात काडे तिरपे आणि स्वच्छ कापतो, जणू कोयत्याने छाटले आहे. धुळीतली पावले दाखवली. ससा धावतो तेव्हा त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे जाऊन पडतात, म्हणून मातीत जे मोठे जोडठसे पुढे दिसतात ते मागच्या पायांचे असतात. हे न कळणारा माणूस उलट दिशेने माग काढीत जातो आणि सशाच्या कालच्या मुक्कामाला पोचतो! आपल्याकडचा रानससा बीळ करीत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी अंगापुरता खळगा करून दिवसभर तो तिथे निश्चल बसून राहतो. त्याच्या अगदी जवळ पाय पडेपर्यंत हलत नाही, आणि मग असा उसळतो की मोठ्या माणसाचेही काळीज हलावे. त्याचे मागचे पाय लांब, त्यामुळे चढावर तो कुत्र्याला सहसा हाती लागत नाही. म्हणून जाळे चढाच्या बाजूला, कुंपणाच्या खिंडारात लावायचे आणि हाकारा खालून द्यायचा. इतके सगळे माहीत असल्याशिवाय त्या लहानशा जनावराला हात लावता येत नाही.

पहिल्या दोन खेपा रिकाम्या गेल्या. दुसऱ्या खेपेला ससा सरळ माझ्याच अंगावर आला. मी घाबरून हललो आणि तो वळला. मला वाटले, आता बोलणी बसणार. मामा एवढेच म्हणाले, "तो शिकला, तू नाही शिकला." घरी येऊन आम्ही चटणी-भाकर खाल्ली.

तिसऱ्या खेपेला ससा जाळ्यात आला. माझ्याच सुतळीच्या घरात त्याची मान अडकली होती. मामांनी मला तो धरायला सांगितला. माझ्या दोन्ही तळव्यांखाली त्याचे काळीज इतके जोरात उडत होते की ते माझेच उडते आहे असे मला वाटले. मामांनी एका हिसक्यासरशी त्याला मारले. तो माझ्या हातून मेला नाही, पण माझ्या हातात मेला. मी रडू लागलो. मामा खाली बसले, माझ्या बरोबरीला आले आणि म्हणाले, "रडू येतं तर येऊ दे. पण खाताना विसरू नको."

त्यानंतर जे झाले ते मला पारधीपेक्षाही अधिक आठवते. मामांनी सशाचे वाटे केले. एक आमच्या घरी. एक ज्याचे कुत्रे आणले होते त्याला. एक पाड्याच्या टोकाला एकटी राहणाऱ्या म्हातारीला. ती ना पारधीला आली होती, ना तिने सुतळी वळली होती. स्वतःचा वाटा त्यांनी शेवटी उचलला आणि तो सर्वांत लहान होता. मी विचारले, "मामा, अजून एक धरायचा का?" ते जाळे गुंडाळीत म्हणाले, "पुरे."

श्रोतेहो, या आठवणीला मी सोन्याचा मुलामा देऊ इच्छित नाही. मामांच्या घरी वर्षातले काही महिने दोन्ही वेळची भाकर मिळत नसे. ससा ही त्यांची हौस नव्हती. हत्तीवर बसून शेकडो जनावरे पाडणाऱ्या संस्थानिकांची शिकार वेगळी आणि मामांची पारध वेगळी. पण म्हणून उपासमारीचे कौतुक करावे असेही नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की त्या आठ-दहा दिवसांत मी जे शिकलो ते पुढे पुष्कळ वर्षे शाळेत बसून आणि नंतर पुष्कळ वर्षे शाळेत शिकवूनही मला दुसरीकडे सापडले नाही.

त्याची खरी किंमत मला कळली ती पुढे ४७ वर्षांनी, याच सुरत शहरात. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. आमच्या इमारतीचा तळमजला बुडाला. वरच्या मजल्यांवर आम्ही वीस-बावीस माणसे चार दिवस अडकून होतो. वीज नाही, नळाला पाणी नाही, दूध नाही. आमच्यात शिक्षक होते, हिशेबनीस होते, एक अभियंतेही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅस संपला तेव्हा आम्ही सारे शहाणे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो.

आमच्याकडे कामाला येणारी एक बाई त्या पुरात आमच्याबरोबरच अडकली होती. व्यारा भागातली, चौधरी समाजाची. तिने गच्चीवरच्या कुंड्या उलट्या मांडून चूल केली, एक जुने खोके फोडून जळण केले आणि त्या ओल्या हवेत तिसऱ्या काडीला जाळ धरला. धुतलेले लुगडे चौघांना चार कोपऱ्यांत धरायला लावून पावसाचे पाणी हंड्यात उतरवले आणि ते उकळून घेतले. मग तिने प्रत्येक घरातून तांदूळ-डाळ मागून घेतली आणि शिजवण्यापूर्वी एकच प्रश्न केला, "माणसं किती?" आधी मुलांना, मग म्हाताऱ्यांना, मग इतरांना वाढले, आणि स्वतःचे ताट शेवटी घेतले. मला एकाएकी नवापूरचे मामा आठवले. तीच वाटणी, तोच क्रम. स्वावलंबन म्हणजे स्वतःपुरते भागवणे अशी माझी तोपर्यंतची समजूत होती. स्वावलंबी माणसाच्या आधाराने आणखी दहा जणांचे भागते, हे मला त्या गच्चीवर कळले.

आता कोणी म्हणेल, हे सारे शिकवण्यासाठी मुलांच्या हाती जाळी आणि गलोली द्यायच्या काय? मुळीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीच्या परवान्यांची वाटही बंद केली. ससा मारणे किंवा पकडणे हा आज गुन्हा आहे आणि तो असावा, असेच माझे मत आहे. मामांच्या काळी गावाभोवती कुरणे होती, पडीक माळ होते. आज सुरतेभोवती पाहावे तिकडे कारखाने, घरे आणि रस्ते आहेत. सशाला बसायला अंगापुरता खळगा राहिला तरी पुष्कळ झाले. प्रश्न निराळा आहे. पारध गेली ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तिची शाळाही गेली. ती शाळा पारधीवाचून चालू शकेल काय?

या प्रश्नाचा विचार आपल्या याच प्रदेशात फार पूर्वी होऊन गेला आहे. १९२२ साली सुरत जिल्ह्यातील आदिवासींत एक विलक्षण चळवळ पसरली. तिचा उगम आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचा. तिथून डांगामार्गे ती इकडे आली. गावोगाव लोकांच्या अंगात देवी येऊ लागली. तिला सलाबाई म्हणत. देवी सांगे : दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा, दारूच्या व्यापाऱ्याचे ओझे फेकून द्या. चौधरी समाजातील पुष्कळ घरांनी कोंबड्या-बकऱ्या विकून टाकल्या. हे कोणा बाहेरच्या सुधारकाने शिकवलेले नव्हते. त्या लोकांनी आपणच आपल्याला घालून घेतलेला तो नियम होता. सर्वांचाच तो टिकला असे नाही, पण ज्यांचा टिकला त्यांच्या मुलांपुढे पारधीच्या जागी दुसरे काही असणे जरूर होते.

ते दुसरे काही वेडछीला उभे राहिले. वेडछी हे गाव तेव्हा सुरत जिल्ह्यात होते. २००७ साली तापी जिल्हा निराळा झाला, त्यात ते आता मोडते. जुगतराम दवे हे सौराष्ट्रात जन्मलेले गृहस्थ तिथे येऊन राहिले आणि १९८५ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे जीवन त्या परिसराशी बांधलेले राहिले. तिथली मुले सूत कातीत, शेत करीत, स्वयंपाक करीत, आपली भांडी आणि आपले संडास आपण साफ करीत. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमचा विचार देशापुढे आला, तेव्हा त्यातले पुष्कळसे इकडे आधीच चालू होते. हाताने केलेल्या कामातून डोके आणि मन घडते, हे त्या शिक्षणाचे सूत्र.

आपल्या मराठी मुलखातही असेच एक उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली वारली मुले शाळेत येत ना. का येत नाहीत? तर ती गुरे राखायला जातात. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. गुरे चरत आहेत आणि मुले दगड, पाने, बिया घेऊन शिकत आहेत, हे दृश्य मला आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील एक अत्यंत सुंदर दृश्य वाटते. मुलाला आधीपासून जे येते त्याला ज्ञान म्हणण्याचे औदार्य त्या बायांच्या ठायी होते. आपल्या बहुतेक शाळांत ते नसते. माग काढता येणारा मुलगा वर्गात 'ढ' ठरतो आणि आपणही ते मुकाट्याने मान्य करतो. मी स्वतः शिक्षक होतो. त्या चुकीतला माझा वाटा मी नाकारीत नाही.

म्हणून निवृत्तीनंतर मी एक लहानसा उद्योग आरंभला आहे. उधना-लिंबायत भागात खानदेशातून पोटासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. आईबाप यंत्रमागावर, मुले चार भिंतींत. त्यांतली सात-आठ मुले आणि माझा नातू यांना घेऊन हिवाळ्यात मी कधीमधी रविवारी मांडवीकडे, काकरापारच्या अलीकडे, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर जातो. पहाटेची बस धरायची, मालकाची परवानगी आधी घेतलेली असायची, कुत्रे बरोबर न्यायचे नाही. आधी सुतळी वळायची. ती आता जाळ्यासाठी नसते. मोळी बांधायला आणि पाण्याचे भांडे विहिरीत सोडायला लागते. तुटली तर भांडे विहिरीत जाते, म्हणून मुले ती नीट वळतात. मग वारा तोंडावर घेऊन सशाचा माग काढायचा. ताज्या लेंड्या, तिरपे कापलेले काडे, धुळीतले जोडठसे. खळगा सापडला की लांबूनच थांबायचे. ससा उठून पळू नये, हीच आमची जीत.

परत येऊन तीन दगडांची चूल मांडायची. काटक्या वाळलेल्या कोणत्या आणि नुसत्या वाळल्यासारख्या दिसणाऱ्या कोणत्या, हे मोडून ऐकायचे. वाळलेली काटकी कडकन बोलते. प्रत्येकाला दोनच काड्या. तिसरी मिळत नाही हे कळले की पहिली फार विचाराने ओढली जाते. खिचडी शिजली की वाढणाऱ्याने शेवटी जेवायचे, आणि शेतावरच्या म्हाताऱ्या राखणदाराचे पान आधी वाढायचे. निघताना चूल पाण्याने विझवून राखेत हात घालून पाहायचा. हात घालवेना तर चूल विझलेली नाही. लहान मुलाला जमतील अशीच ही कामे आहेत, पण एकही काम लुटुपुटीचे नाही. मुलांना खोटे काम ताबडतोब ओळखू येते. आपण त्यांना खेळातली चूल देतो आणि वर म्हणतो, हल्लीच्या मुलांना जबाबदारी कळत नाही.

आता शेवटची एक हकीकत सांगतो आणि भाषण आटोपतो. याच हिवाळ्यात, नातवाने तो प्रश्न विचारला त्यानंतरच्या रविवारी, त्यालाच गवतात सशाचे पिल्लू दिसले. मुठीएवढे. रानसशाची पिले अंगावर केस घेऊन आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. धोका दिसला की जागच्या जागी दबून राहतात. ते पिल्लू एकटेच होते. नातवाचा चेहरा फुलला. तो कुजबुजला, "आजोबा, याची आई नाही. आपण घरी नेऊ. मी सांभाळीन याला." सगळी मुले माझ्याकडे पाहू लागली.

मी त्यांना मागे सरकवले आणि सांगितले, याची आई आहे. ती दिवसा याच्याजवळ येत नाही, कारण ती आली तर कोल्हाही तिच्या मागाने येईल. अंधार पडला की ती येईल, त्याला पाजील आणि पुन्हा दूर जाईल. आपण याला उचलले तर आपल्याला वाटेल आपण ह्याचा जीव वाचवला, आणि रात्री ती येऊन रिकामा खळगा पाहील. नातू बराच वेळ काही बोलला नाही. त्याचे हात पुढे झाले होते, ते त्याने आपणच मागे घेतले. परतताना बसमध्ये त्याने तोंड खिडकीकडे केले होते. तो रडत होता हे मला कळले, आणि मी त्याला थांबवले नाही.

सुरत जवळ आली तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या सशाचं तुम्ही विसरला नाहीत, तसं मी याचं विसरणार नाही." मामांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी माझ्या हाती दिलेले ते जाळे कधीच कुजून गेले. पण त्यातली सुतळी अजून तुटलेली नाही, असे मला त्या वेळी वाटले.

आपल्या घरी मुले असतील तर त्यांना एकदा सशाच्या मागावर न्या. ससा दिसला नाही तरी चालेल. सुतळी मात्र त्यांनाच वळू द्या, चूल त्यांनाच पेटवू द्या, आणि वाटणी त्यांच्याच हातून होऊ द्या.